त्रिकोणाचा राहिलेला कोन

त्रिकोणाच्या तिन्ही आंतरकोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते. दोन कोन माहीत असले की तिसरा वजाबाकीने मिळतो; ५० आणि ६० दिले असतील तर राहिलेला कोन ७० अंशांचा. एवढ्यासाठी बीजगणित लागत नाही. ते लागते कोनांची मापे आकड्यांत न देता एकमेकांच्या नात्याने सांगितली जातात तेव्हा. दुसरा कोन पहिल्याच्या दुपटीपेक्षा २० अंशांनी कमी आहे आणि तिसरा पहिल्यापेक्षा ४० अंशांनी जास्त आहे, एवढेच सांगितले तर एकही कोन माहीत नसतो आणि तरीही तिन्ही सापडतात. प्रश्नात न छापलेली तिसरी माहिती, म्हणजे १८० ही बेरीज, त्रिकोण म्हटला की आपोआप मिळालेली असते.

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. इथल्या आणि आसपासच्या मराठी माध्यमाच्या वर्गांत हा विषय बालभारतीच्या पुस्तकांतून तुकड्या-तुकड्यांनी येत आला आहे. सहावीत त्रिकोणाचे गुणधर्म, सातवीत बैजिक राशी, नववीत समांतर रेषा आणि त्यांच्या आधाराने कोनांच्या बेरजेची सिद्धता. सहावीतली बेरीज आणि सातवीतली राशी एकाच उदाहरणात भेटल्या की चांगली चांगली मुले अडतात. दोन्ही गोष्टी त्यांना स्वतंत्रपणे येत असतात. राशींची बेरीज करणारे मूल त्रिकोणाकडे पाहत नाही, आणि त्रिकोणाकडे पाहणारे मूल राशीला माप समजत नाही. शिकवणाऱ्याचे खरे काम इथे सुरू होते.

सहावीतली कृती सर्वांच्या आवडीची. कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि एका बिंदूशी जोडून ठेवायचे. खालची कड सरळ रेषेत येते. त्याच तासाला कोनमापकाने तीन कोन मोजून बेरीज करायला सांगितली की फळ्यावर १७८, १८१, १८२ असे आकडे जमतात. पुष्कळ वर्गांत हे आकडे पुसून १८० लिहिले जाते. तसे करू नये. मोजलेले कोन आणि प्रमेयातले कोन यांतला हा फरक जपून ठेवण्यासारखा आहे; मोजणीच्या कामात सगळे बीजगणित त्याच फरकावर चालते.

कागदाची कृती पटवते, पण सिद्ध करत नाही. सिद्धता युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, बत्तिसाव्या विधानात आहे आणि नववीच्या पुस्तकातही तीच कल्पना आहे. त्रिकोण अबक च्या अ या शिरोबिंदूतून बक ला समांतर रेषा काढली की ब आणि क हे कोन त्यांच्या व्युत्क्रम कोनांच्या रूपाने अ च्या दोन बाजूंना येऊन बसतात. तिघे मिळून सरळ कोन होतो. फाडलेले कोपरे जे करत होते तेच ही रेषा कागद न फाडता करते, आणि एका त्रिकोणासाठी नव्हे, कोणत्याही त्रिकोणासाठी करते. म्हणूनच कोनांच्या जागी अक्षर लिहिले तरी १८० ठाम राहतात.

आता सुरुवातीचे उदाहरण. पहिल्या कोनाचे माप क्ष मानले तर दुसरा (२क्ष − २०) आणि तिसरा (क्ष + ४०). पुस्तकात रोमन अक्षर छापलेले असले तरी फळ्यावर क्ष लिहिल्याने काही बिघडत नाही. बेरीज ४क्ष + २० = १८०, म्हणून ४क्ष = १६० आणि क्ष = ४०. तिन्ही कोन ४०, ६० आणि ८० अंशांचे.

क्ष कोणाला मानायचे हा निर्णय मुलाचाच असावा. दुसऱ्या कोनाला क्ष म्हटले तर पहिला (क्ष + २०) भागिले २ असा येतो, अपूर्णांक शिरतो. उत्तर तेच, वाट लांब. ज्या कोनाच्या नावाने बाकीचे सांगितले आहेत त्यालाच क्ष म्हणणे सोयीचे, हे एकदा दोन्ही वाटांनी उदाहरण सोडवल्याशिवाय कळत नाही. शाब्दिक वाक्याची राशी करताना चुकीची एक ठरलेली जागा आहे: ‘दुपटीपेक्षा २० अंशांनी कमी’ याचे २० − २क्ष होते. वजाबाकीत कशातून काय जाते ते मुलाने आधी तोंडाने म्हणावे. ‘दुपटीतून वीस गेले’ असे म्हणून घेतल्यावर लिहिताना सहसा उलटे होत नाही.

सगळ्यांत चिवट चूक मात्र वेगळी आहे. क्ष = ४० मिळाले की खाली रेघ मारून मूल वही बंद करते. समीकरण सुटले म्हणजे उदाहरण सुटले अशी ही समजूत. शिष्यवृत्ती परीक्षेसारख्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ती महागात पडते. सर्वांत मोठा कोन विचारलेला असतो आणि पर्यायांत २०, ४०, ६०, ८० हे चारही आकडे असू शकतात. घाईतले मूल ४० ला गोल करते. ‘क्ष म्हणजे कोन नव्हे’ असे कितीही वेळा बजावले तरी ते फारसे टिकत नाही. त्यापेक्षा दुसरा त्रिकोण शेजारी मांडावा: कोन (क्ष + १०), (२क्ष − १५) आणि (क्ष + २५). बेरीज पुन्हा ४क्ष + २०, क्ष पुन्हा ४०. पण कोन येतात ५०, ६५ आणि ६५. समीकरण तेच, क्ष तोच, त्रिकोण निराळा. पहिल्यात तिन्ही कोन वेगळे होते, हा समद्विभुज निघाला आणि प्रश्नात तसे कुठेही म्हटले नव्हते. ही जोडी फळ्यावर शेजारी-शेजारी राहिली की उत्तर क्ष मध्ये नसून राशींत आहे हे सांगावे लागत नाही.

यानंतर ताळा. पुस्तकी पद्धत म्हणजे मिळालेल्या तीन कोनांची बेरीज करून १८० येतात का ते पाहणे. हा ताळा जेवढा भरवशाचा वाटतो तेवढा नाही. कोन (२क्ष − ७०), (क्ष + ६०) आणि (क्ष + ७०) घ्या. ४क्ष + ६० = १८०, क्ष = ३०. कोन येतात उणे १०, ९० आणि १००. बेरीज बरोबर १८०. मुले खुशाल बरोबरची खूण करतात, आणि असा त्रिकोण जगात नाही. उलट बाजूचे उदाहरणही तितकेच गरजेचे आहे: (५० − क्ष), (६० − २क्ष), (४० − ३क्ष). १५० − ६क्ष = १८०, म्हणजे क्ष = −५. ऋण उत्तर पाहून मुले खोडरबर उचलतात. पण राशींत किंमत घातली तर ५५, ७० आणि ५५ असा निर्दोष त्रिकोण मिळतो. क्ष धन असून त्रिकोण खोटा, क्ष ऋण असून त्रिकोण खरा. क्ष वर कोणतीच अट नसते. तिन्ही राशींची किंमत शून्याहून मोठी असली पाहिजे, ही अट असते. पहिल्या उदाहरणात २क्ष − ७० धन व्हायला क्ष ३५ हून मोठा हवा होता आणि बेरीज त्याला ३० वर बसवत होती. असमानता शिकवण्याआधीच ती इथे कामाला येते.

बेरजेच्या ताळ्याची उणीव आणखी खोल आहे. समीकरण मांडताना १८० हा आकडा एकदा वापरलेला असतो. त्यातून निघालेल्या कोनांची बेरीज १८० आली, तर त्यावरून हिशेब चुकला नाही एवढेच ठरते. राशी बरोबर लिहिल्या होत्या का, हे ठरत नाही. २क्ष − २० ऐवजी चुकून २क्ष + २० लिहिले तरी बेरीज १८० च येणार. म्हणून ताळा मूळ वाक्याशी घ्यावा लागतो: ६० हे ४० च्या दुपटीपेक्षा २० ने कमी आहेत का, ८० हे ४० पेक्षा ४० ने जास्त आहेत का. ज्या माहितीतून उत्तर निघाले तिच्याच आधारे उत्तराची परीक्षा होत नाही, हे तत्त्व आठवीतल्या मुलाला या उदाहरणातून पेलते. इतक्या लहान वयात ते दाखवण्याची दुसरी इतकी सोपी जागा शालेय गणितात शोधून सापडणार नाही.

प्रत्येक वेळी १८० नेच सुरुवात करावी लागते असेही नाही. समद्विभुज त्रिकोणात पायाचे कोन (३क्ष − ५) आणि (क्ष + ३५) दिले असतील तर आधी त्यांनाच समान मांडायचे: २क्ष = ४०, क्ष = २०, पायाचे कोन ५५ आणि ५५. १८० नंतर येतात, शिरःकोन ७० काढायला. समद्विभुज त्रिकोणाचा फक्त एक कोन ४० अंश दिला, तो पायाचा की शिराचा हे सांगितले नाही, तर उत्तरे दोन: ४०, ७०, ७० किंवा ४०, ४०, १००. हे दुसरे उत्तर बहुतेकांकडून सुटते.

बाह्यकोनाचे प्रमेय हा आडमार्ग जवळचा आहे. बाह्यकोन त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. बाह्यकोन (५क्ष − १२), दूरस्थ आंतरकोन (२क्ष + १५) आणि ६० असतील तर ५क्ष − १२ = २क्ष + ७५, म्हणून क्ष = २९. बाह्यकोन १३३, दूरस्थ कोन ७३ आणि ६०, आणि राहिलेला आंतरकोन ४७. दोन्ही बाजूंना क्ष असलेले समीकरण मुलांना इथे बहुधा पहिल्यांदा स्वाभाविक वाटते, कारण डावी बाजू आणि उजवी बाजू आकृतीत खरोखर वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात.

दोन अज्ञात असले तर? कोन क्ष, य आणि (क्ष + य) द्या. बेरीज २(क्ष + य) = १८०, म्हणून क्ष + य = ९०. क्ष किती आणि य किती हे कळलेच नाही, तरी तिसरा कोन काटकोन आहे हे पक्के झाले. या उदाहरणापाशी वर्ग हटकून थांबतो. काही मुलांना ते अपुरे वाटते, काहींना फार आवडते. दोन्ही प्रतिक्रिया योग्यच आहेत. दोन अक्षरे दोन रंगांच्या खडूंनी लिहिली तर सरूप पदे डोळ्यांना वेगळी दिसतात. ही युक्ती नवी नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या भागात, पहिले अज्ञात यावत्तावत् आणि पुढची कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांच्या नावांनी येतात. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांचे त्रिकोण मात्र बाजूंचे आहेत: भुज, कोटी, कर्ण, लंब, आबाधा. त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातल्या क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणात अंशांत मोजलेले कोन शोधायचे नसतात. अज्ञाताला नाव देण्याची रीत आपल्याकडची जुनी आणि कोनांच्या बेरजेचे प्रमेय युक्लिडच्या परंपरेतले. सातवी-आठवीच्या वहीत त्यांची गाठ पडते.

वहीबाहेर राहिलेल्या कोनाचे काम काय, हा प्रश्न अमडापुरात मोकळ्या जागेत दाखवता येतो. गावाजवळ टेकडीवर बल्लाळी देवीचे देऊळ आहे. पायथ्याच्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावर टेपने सरळ १०० मीटर मोजायचे, दोन्ही टोकांना खांब रोवायचे आणि प्रत्येक टोकाहून दुसऱ्या खांबाची दिशा आणि देवळाच्या कळसाची दिशा यांतला कोन घ्यायचा. कळस उंचावर असल्याने कोन सपाट पातळीतच मोजायला हवा; तिपाईवर समपातळीत बसवलेली फळी, त्यावर कागद आणि पाहण्यासाठी टाचण्या एवढे साधन पुरते. समजा अ टोकाशी ७२ आणि ब टोकाशी ८१ अंश आले. देवळापाशी कोणी गेले नाही, तरी तिथला कोन २७ अंशांचा. एका सेंटिमीटरला दहा मीटर असे प्रमाण धरून आकृती काढली की ब पासून कळसाच्या खालच्या बिंदूपर्यंतचे अंतर सुमारे २१० मीटर येते.

पण दोन्ही टोकांशी कोन मोजताना एकेका अंशाची चूक झाली आणि ७३ व ८२ आले, तर राहिलेला कोन २५ होतो आणि तेच अंतर सुमारे २२६ मीटर निघते. चुका उलट बाजूला झाल्या, ७१ आणि ८० आले, तर १९५. वजाबाकीने काढलेल्या कोनात दोन्ही मोजमापांच्या चुका एकत्र होतात, आणि कोन लहान असला की त्या फार बोलतात. म्हणून मोजणीदार जमेल तिथे ३० अंशांहून लहान कोन टाळतात. आणि म्हणूनच महत्त्वाच्या त्रिकोणात राहिलेला कोन वजाबाकीवर सोडत नाहीत. तिथे जाऊन तोही मोजतात.

टेकडी चढून देवळापाशी फळी मांडली आणि दोन खांबांमधला कोन २९ अंश आला असे धरू. बेरीज ७२ + ८१ + २९ = १८२. दोन अंश जास्त. तिन्ही कोन सारख्याच काळजीने मोजले असतील तर चूक तिघांत सारखी वाटायची: (७२ − क्ष) + (८१ − क्ष) + (२९ − क्ष) = १८०. १८२ − ३क्ष = १८०, क्ष म्हणजे दोन तृतीयांश अंश, अर्थात ४० मिनिटे. कोन ठरतात ७१ अंश २० मिनिटे, ८० अंश २० मिनिटे आणि २८ अंश २० मिनिटे. वाऱ्यामुळे देवळापाशी फळी हलत होती आणि तिथल्या मापावर निम्माच भरवसा आहे असे वाटले तर त्याच्या वाट्याला दुप्पट दुरुस्ती द्यायची: (७२ − क्ष) + (८१ − क्ष) + (२९ − २क्ष) = १८०. आता क्ष अर्धा अंश, आणि कोन ७१ अंश ३० मिनिटे, ८० अंश ३० मिनिटे आणि २८ अंश. पुस्तकात कोन राशींच्या रूपात का देतात, खऱ्या जगात कोणी कोनाला (२९ − २क्ष) म्हणते का, असे मुले विचारतात. मोजणीत म्हणतात. इथे क्ष हा कोन नसून चूक असते आणि तिच्यामुळे १८० या बेरजेला ताळ्याचे खरे काम मिळते, कारण तिसरा कोन त्या बेरजेतून काढलेला नसतो.

हेच काम देशाच्या मापाने विदर्भातून गेले आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८१८ पासून ते भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले जाऊ लागले. ७८ पूर्व रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी चढत आली. अमडापूर त्या रेखावृत्ताच्या सुमारे दीड अंश पश्चिमेला पडते. लॅम्बटन यांचे निधन जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे झाले, त्यांची कबरही तिथेच आहे. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले. टेकड्यांवर, बुरुजांवर आणि मुद्दाम बांधलेल्या मनोऱ्यांवर जवळजवळ अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवून मुख्य त्रिकोणांचे कोन घेतले जात. दूरची शिखरे, देवळांचे कळस यांसारख्या दुय्यम बिंदूंशी यंत्र नेता येत नसे. तिथे मात्र दोन टोकांचे कोन घेऊन तिसरा वजाबाकीनेच काढावा लागे.

इतक्या मोठ्या त्रिकोणांत १८० हा आकडाही जसाच्या तसा चालत नाही. पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हून किंचित जास्त भरते, आणि ही वाढ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते: साधारण १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. प्रत्येक बाजू ५० किलोमीटर असलेल्या समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे १,०८३ चौरस किलोमीटर, म्हणून वाढ साडेपाच सेकंदांची. सर्वेक्षणातले समीकरण त्यामुळे तीन मोजलेले कोन उणे दुरुस्त्या बरोबर १८० अंश अधिक ही वाढ, असे मांडतात. बाकी रीत वावरातल्या त्रिकोणाचीच. एक हेक्टरच्या त्रिकोणात हीच वाढ सेकंदाच्या एकोणीस हजाराव्या भागाहूनही कमी होते, तेव्हा धुऱ्यावर आणि वहीत १८० धरून केलेला हिशेब बिनचूक चालतो.